नळी कुणाची?

आमच्या त्या सिस्टरबाईंना वेडी म्हणणारे लोक सोलापुरात पुष्कळ होते. अजूनही एखादा भेटतो. त्या इस्पितळाचा विषय निघाला की म्हणतो, "ती सगळ्यांना हात धुवायला लावणारी बाई तिथलीच ना? जरा सटकलेलीच होती." अशा माणसाशी मी वाद घालत नाही. सदऱ्याची वरची दोन बटणं काढतो आणि गळ्याच्या उजव्या हाडाखालचा तांदळाएवढा व्रण दाखवतो. सांगतो, इथून मी बत्तीस दिवस जेवलो. तुम्ही तेवढे दिवस असं जेवून दाखवा, मग त्या बाईंबद्दल बोलू.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मूळचा मोहोळचा, सोलापुरात सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. आलेलं टपाल नोंदवायचं, जाणारं टपाल नोंदवायचं आणि मधल्या वेळात "होय साहेब" म्हणायचं, एवढंच माझं काम. बहात्तरच्या दुष्काळाला लागून जो उन्हाळा आला, त्या उन्हाळ्यात मला विषमज्वर झाला. तो मी अंगावर काढला आणि आतडं फुटलं. एका ट्रस्टच्या इस्पितळात माझं पोट दोनदा उघडलं. तोंडानं पाण्याचा घोटसुद्धा बंद. दोन्ही हातांच्या शिरा सुया टोचून टोचून सुजल्या होत्या, एकही धड राहिली नव्हती. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखालून सुई घातली आणि तिच्यातून एक बारीक नळी थेट छातीतल्या मोठ्या शिरेत सरकवली. सोलापुरात तेव्हा त्या एका इस्पितळाबाहेर ते नवलच होतं. धाकटे डॉक्टर मला म्हणाले, "ही नळी टिकली तर तुम्ही टिकलात. दुसरी जागा आता उरलेली नाही." ते बिचारे मला धीर द्यायला आले होते.

शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या सिस्टरबाई. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला. कसं वाटतंय, काय वाटतंय, काही विचारलं नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नळी कुणाची?"

मी कारकून माणूस. मला वाटलं, सामानाची तपासणी चालली आहे. म्हणालो, "ट्रस्टची."

"नापास," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. मी म्हणालो, "मोठ्या डॉक्टरांची." पुन्हा नापास. दुसऱ्या दिवशी आई उशाशी बसली होती. तिनं माझ्या वतीनं विचार करून सांगितलं, "देवाची." बाई तिच्याकडे वळल्या. "आसंल की देवाची. पण देवानं हात धुतल्यात का न्हाय, ते तुमी बघितलंय का?" आईनं स्वतःचे हात पदराला पुसले. "माझी" हे उत्तर मला तिसऱ्या दिवशी आलं, आणि तेसुद्धा शेजारच्या खाटेवरच्या पैलवानानं हळूच पुरवलं म्हणून. बरोबर उत्तराला बाईंकडे शाबासकी नसायची. त्या नुसतं "पुढचा!" म्हणायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या. तो शब्द ऐकायला आमच्यासारखी मोठी माणसं दिवसभर घोकंपट्टी करत पडलेली असायची.

पण घोकून भागायचं नाही. नळी असलेल्या प्रत्येकाला चार प्रश्न असत. टोक कुठं आहे? सांधा सुटला तर काय करायचं? नळीला हात कोण लावणार? थंडी वाजली तर? उत्तर ज्याच्या त्याच्या धंद्यातून समजलेलं असलं पाहिजे, असा बाईंचा हट्ट. पैलवानाला त्यांनी कसं समजावलं मला माहीत नाही, ते तो सांगताना लाजायचा. माझ्या घरी शेती आहे हे कळल्यावर मला त्यांनी शेताच्या पाटावर आणलं.

"हाताची शीर म्हंजे बारका पाट. तुज्या बाटलीत साखरेचं घट्ट पाणी हाय. कारखान्याची मळी बारक्या पाटात सोडली तर काय हुईल?"

"पाट जळेल."

"आन् भरल्या कालव्यात सोडली तर?"

"पातळ होऊन वाहून जाईल."

"मग तुजी नळी कुटं हाय?"

"कालव्यात."

"कालवा कुटं जातुया?"

मी माझ्याच छातीकडे बघितलं. तोपर्यंत माझी समजूत होती की नळी कातडीखाली बोटभर आत गेली असेल. तिचं टोक काळजाच्या दाराशी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा चेहरा बघून बाईंनी विचारलं, "भ्यालास?" मी होय म्हणालो. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता तिच्याकडं नीट बघशील."

प्रत्येकाच्या उशाला सुतळीनं एक चिमटा बांधलेला असायचा. नळीचा सांधा सुटला तर श्वासाबरोबर छाती आत हवा ओढून घेते आणि त्या हवेनं माणूस बघता बघता जातो. म्हणून आधी चिमटा लावायचा, मग आडवं व्हायचं, मग हाक मारायची. "आदी वरडलास तर वरडाया मोठा श्वास घेशील," बाई म्हणायच्या, "आन् त्योच श्वास शेवटचा ठरंल." ही तालीम त्या कधीही घेत. औषधं वाटता वाटता मध्येच "सांधा सुटला!" म्हणून ओरडायच्या आणि आम्ही सगळे उशाशी चाचपडायला लागायचो. पैलवान नेहमी पहिला यायचा. मी एकदा घाईत चिमटा समजून चष्म्याची काडी नळीला लावली. तो चष्मा बाईंनी दिवसभर स्वतःच्या कमरेला खोचून ठेवला आणि मला सगळं इस्पितळ धुरकट बघायला लावलं.

थंडीबद्दल तर त्या फार कडक. जंतू नळीतून रक्तात शिरले की आधी थंडी भरते, मग ताप चढतो. "थंडी वाजली की पांघरूण मागायचं न्हाय. लाजायचं न्हाय. घंटा बडवायची. मी जेवत आसन, न्हात आसन, बडवायची." भर मे महिन्यात कुणी पांघरुणाकडे हात नेला तरी आमच्या वॉर्डात चार घंटा वाजायच्या.

एकदा आईनं करमाळ्याच्या देवीचा अंगारा आणला आणि मी झोपेत असताना नळीच्या पट्टीवर चिमूटभर टाकला. बाईंनी तो बघितला. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता आईची धडगत नाही. पण त्यांनी पट्टी सोडली, जागा धुतली, स्वच्छ पट्टी बांधली आणि आईच्या पुडीतला उरलेला अंगारा माझ्या कपाळाला लावला. "माज्याच तालुक्याची देवी हाय ती. तिला कपाळ चालतंय की. नळीपाशी कशाला बलावता तिला?" आई नंतर गावभर सांगत होती की, सिस्टरबाई कडक आहे पण धर्माची आहे. बाई बौद्ध होत्या हे आईला कळलं तेव्हाही तिनं वाक्यात बदल केला नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

आता हातांचं सांगतो, कारण सगळं महाभारत तिथंच झालं.

बाई तांबडा साबण दोऱ्यानं कापून त्याचे तुकडे करायच्या आणि प्रत्येक पेशंटला एक तुकडा रिकाम्या काडेपेटीत घालून द्यायच्या. नळीला हात कोण लावणार, याचं उत्तर होतं, "ज्यानं माझ्यासमोर कोपरापर्यंत हात धुतले तो." आणि वर त्यांची पुरवणी, "मग त्यो कुणी बी आसंल." साबण होता, पण दुष्काळात पाणी कुठलं? इस्पितळात नळाला सकाळी तासभर धार यायची. ट्रस्टच्या सेक्रेटरींनी भिंतीवर पाटी लावली की, हात धुण्यासाठी पाणी वापरू नये, स्पिरिटचा बोळा वापरावा. स्पिरिट दोन दिवसांत संपलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी कुठून तरी एक रांजण आणून वॉर्डाच्या दारात बसवला आणि भेटायला येणाऱ्यांना नवा नियम सांगितला. मोसंबी नको, बिस्किटं नकोत, नारळ नको. माणूस बघायचा असेल तर एक तांब्या पाणी आणा, रांजणात ओता, त्यातल्याच पाण्यानं हात धुवा आणि आत या.

लोक चिडले. टँकरच्या रांगेत भांडून पाणी मिळवायचं आणि ते या बाईच्या रांजणात ओतायचं? पण माणूस बघायचा असायचा, म्हणून आणायचे. कुणी तांब्यात, कुणी कडीच्या डब्यात, कुणी औषधाच्या जुन्या बाटलीत. आमचे हेडक्लार्क ऐटीत हात हलवत आले. बाईंनी त्यांना उंबऱ्याशीच थांबवलं. त्यांनी दारातूनच माझ्या तब्येतीची चौकशी केली, मी खाटेवरूनच "होय साहेब" म्हणालो आणि भेट संपली.

काही लोक पाणी आणायचे, पण बाईंनी ओतलेलं हातावर घ्यायला कचरायचे. बाईंचं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं आणि कित्येकांना तेवढं पुरत असे. एक गृहस्थ म्हणाले, "राहू द्या, मी माझं मी घेतो." बाई शांतपणे म्हणाल्या, "घ्या की. माजे कष्ट वाचले. पण साबण कोपरापतुर लावा." ते गेल्यावर माझी पट्टी बदलताना त्या आपणहून बोलल्या. "माजी आजी हिरीपासनं लांब उबी ऱ्हायची. कुणी वाढंल तवा पाणी. आता मी वाढती, आन् समदी माज्यापुढं रांगंत उबी ऱ्हात्यात. दुष्काळात बी." एवढं खुशीत बोलताना मी त्यांना दुसऱ्यांदा कधी बघितलं नाही. मलाही फार बरं वाटलं.

रोज दुपारी एक बाई पितळेचा तांब्या घेऊन यायची. वर वाटी झाकलेली. पाणी रांजणात ओतायची, माझ्या खाटेकडे क्षणभर बघायची आणि जायची. वॉर्डात तिचं कुणी नव्हतं. सगळे तिला अक्का म्हणायचे. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, विड्या वळून पोट भरणारी विणकराची बायको. एकदा मी तिला बोलावून विचारलं, "अक्का, तुमचं पेशंट कोणतं?"

"होतं," ती म्हणाली. "ह्याच खाटेवर."

तिचा नवरा वर्षापूर्वी त्या खाटेवर होता. त्यालाही अशीच नळी. आता मागावर सूत घेऊन आडव्या पळणाऱ्या विणकराच्या धोट्याला एक बारीक भोक असतं आणि कांडीवरचं सूत त्या भोकातून बाहेर काढायचं असतं. तेव्हा विणकर धोटा तोंडाला लावतो आणि श्वास आत ओढतो. सुताचं टोक ओठावर येतं. आयुष्यभराची सवय ती. एका दुपारी त्याच्या नळीचा सांधा सैल झाला, नळीच्या तोंडाशी रक्त गोठलं आणि बाटलीचं ठिबकणं थांबलं. त्यानं कुणाला हाक मारली नाही. हाक मारण्यासारखं त्यात त्याला काही वाटलंच नाही. त्यानं नळी तोंडाला लावली, एकदा ओढली, गुठळी थुंकली आणि सांधा पुन्हा जोडला. बाटली ठिबकायला लागली. बायकोकडे बघून हसला आणि म्हणाला, माग काय आणि हे काय, सगळं एकच की. तिसऱ्या दिवशी त्याला थंडी भरली. त्यानं पांघरूण मागितलं. अक्कानं त्याच्यावर दोन चादरी घातल्या, त्याच्याच मागावरच्या. चौथ्या दिवशी तो गेला.

"कशानं गेले, कोण सांगंना," अक्का म्हणाली. "ह्या बाईंनी सांगितलं. नळीचं टोक काळजापाशी होतं, म्हणाल्या. मी बोलली, मग आदी सांगायचं की वो! आदी सांगितलं असतं तर तोंड कशाला लावलं असतं त्यांनी? येडे होते काय?"

"मग बाई काय म्हणाल्या?"

"काय नाय बोलल्या. मला वाटलं, रागावल्या."

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात परीक्षा सुरू झाल्या होत्या. ज्यांना बाईंच्या वेडाचं कारण हवं असतं त्यांना मी हे कारण सांगतो. मी अक्काला विचारलं, "पण मग आता तुम्ही पाणी कशाला आणता?" तिनं तांब्यावर वाटी ठेवली. "त्या खाटेवर कोणतर असतंयच की," ती म्हणाली.

मग सेक्रेटरींचं पत्र आलं. बाईंनी बाहेरून येणाऱ्या एका डॉक्टरांना चारचौघांत हात धुवायला सांगितलं होतं आणि ते डॉक्टर दुखावले होते. पत्रात लिहिलं होतं की, परिचारिकांनी डॉक्टरांना कोणत्याही प्रकारची सूचना करू नये, केल्यास नोकरीवर ठेवले जाणार नाही. बाईंनी पत्र माझ्या हातात दिलं. "क्लार्कसाहेब, तुमच्या धंद्यातलं हाय. बघा."

मी दोनदा वाचलं. "बाई, पत्र बिनतोड आहे. कुठंही फट नाही."

"परिचारिकांनी, आसं हाय न्हवं?"

"होय."

"पेशंटांनी, आसं कुटं हाय का?"

मी तिसऱ्यांदा वाचलं. "नाही."

"बरं," म्हणून बाईंनी पत्राची बारीक घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. मी चष्मा काढून पुसत बसलो.

मोठ्या डॉक्टरांबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यांच्या हातांनीच मी जगलो होतो. दुसऱ्या ऑपरेशनला ते पाच तास उभे होते, असं धाकटे डॉक्टर सांगत. पण त्या सकाळी त्यांना घाई होती. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाचं गळू त्यांनी दाबून बघितलं, पू निघाला, हात टॉवेलला पुसले आणि तेच हात घेऊन ते माझ्याकडे आले. माझी पट्टी घामानं ओली झाली होती. ती सोडून जागा बघावी म्हणून त्यांनी हात पुढे केला.

बाई रांजणापाशी उभ्या होत्या. हातात पाण्याचा मग, ओठ मिटलेले. त्या हुकूम पाळत होत्या. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी बोलावं, नुसतं खाकरावं. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

मी विचार केला, हे साहेब आहेत, यांना सगळं कळतं. मग विचार केला, टोक कुठं आहे? मग तो विणकर आठवला, ज्यानं याच गादीवर दोन चादरी घेतल्या होत्या. बोटं पट्टीपासून वीतभर अंतरावर आली.

"साहेब, हात धुवा," मी म्हणालो.

साहेब या शब्दापुढं मी जन्मात पहिल्यांदा हुकूम जोडला होता. मोठ्या डॉक्टरांना आधी ऐकूच आलं नसावं. "काय झालं?"

"नळीला हात लावण्याआधी हात धुवा."

"अरे, मी तुझं पोट दोनदा उघडलंय!"

"होय साहेब. म्हणूनच जपायचं आहे."

"कुणी शिकवलं तुला हे?" ते बाईंकडे बघत म्हणाले.

"नळी माझी आहे, साहेब," मी म्हणालो.

"त्याचीच हाय की," पैलवान छताकडे बघत म्हणाला.

मोठे डॉक्टर हात न लावता निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्या खाटेशी फिरकले नाहीत. आई रडली. "ज्यांनी जीव वाचवला त्यांना असं बोललास? आता सोडून दिलं त्यांनी तर?" मलाही तीच भीती होती, खोटं कशाला सांगू? धाकटे डॉक्टर येऊन, मुकाट्यानं कोपरापर्यंत हात धुऊन, पट्टी बदलून जायचे. तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा शिपाई कोरा कागद घेऊन आला. मी फक्त एवढंच लिहून द्यायचं होतं की, सदर परिचारिकेने मला तसे बोलण्यास प्रवृत्त केले. मग माझ्यावर कुणाचा राग राहणार नव्हता. मी कागद ठेवून घेतला आणि तासभर मसुदा केला. कागद हा माझा आखाडा होता, तिथं मला पैलवानाचीही भीती नव्हती. शेवटी लिहिलं, "मी खाली सही करणार असे लिहून देतो की, माझ्या छातीतील नळी ही माझी असून, तिला हात लावण्यापूर्वी डॉक्टरसाहेबांनी हात धुवावेत अशी नम्र विनंती मी पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या मनाने केली." बाईंचा कुठं उल्लेख नाही, डॉक्टरांचा अपमान नाही. माझ्या मते तो माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला मसुदा होता. मी तो मोठ्या दिमाखात बाईंना दाखवला.

बाईंनी वाचला. त्यांचा चेहरा बदलला. "नम्र इनंती? कवा केलीस तू नम्र इनंती? मी तितंच हुते की."

"बाई, लिहायची पद्धत असते ती. यानं तुमची नोकरी वाचेल."

"खोड."

"बाई, ऐका माझं..."

"खोड म्हंते ना! उद्या तू उठून घरी जाशील. ह्या खाटेवर दुसरा कुणी यील. त्याला तुज्यासारखं लिवता न्हाय येनार. तू हितं इनंती लिवून ठेवलीस तर त्यानं काय करायचं? नळी त्याची, काळीज त्याचं, आन् हात जोडायचे बी त्यानंच?" त्यांनी कागदावर बोट आपटलं. "माज्या नोकरीसाटी न्हाय झालं हे समदं. जे बोललास ते लिव."

मी "नम्र विनंती" खोडली. "हात धुवावेत असे मी सांगितले," असं वाक्य केलं आणि कारकुनी रीतीप्रमाणे खाडाखोडीवर वेगळी सही केली. आजवर मी हजारो कागदांवर सह्या केल्या असतील, पण शुद्धीवर केलेली सही ती एकच, असं मला वाटतं.

बाईंना काढलं नाही, पण वॉर्डातून उचललं आणि तळमजल्यावर, चादरी-पोषाखांच्या कोठारात बसवलं. रांजणही हलवला. जाताना त्यांनी निरोप घेतला नाही. फक्त दारातून "सांधा सुटला!" म्हणून ओरडल्या आणि आम्ही चिमटे लावेपर्यंत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली. रांजणाच्या जागी ओला गोल डाग होता. तिनं त्याकडे बघितलं आणि तांब्या माझ्या खाटेखाली ठेवून दिला. मग पैलवानाची माणसं तशीच करायला लागली, मग सगळेच. आठ दिवसांत आमच्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेखाली एक तांब्या होता. सेक्रेटरींच्या पत्रात तांब्यांबद्दल काही नव्हतं.

मला पेज सुरू झाली आणि ती पोटात टिकली. नळी काढायचा दिवस ठरला. त्या दुपारी मोठे डॉक्टर स्वतः आले. किती दिवसांनी ते माझ्यासमोर उभे होते. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं, मग इकडेतिकडे पाणी शोधलं. अक्का नुकतीच येऊन उभी होती, तांब्या हातात होता. मोठ्या डॉक्टरांनी बाह्या मागे सारल्या आणि तिच्यापुढं हात धरले. तिनं पाणी ओतलं. मी काडेपेटीतला साबण दिला. अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तांब्या मात्र जराही हलत नव्हता.

नंतर त्यांनी मला खाटेवर पाय उंच करून निजवलं, श्वास रोखायला सांगितला आणि नळी ओढून काढली. तिच्यावर पुवाचा थेंबसुद्धा नव्हता. त्यांनी ती जागा किती तरी वेळ स्वतःच्या बोटांनी दाबून धरली. "स्वच्छ राहिली," एवढंच ते म्हणाले.

दोन दिवसांनी मी काठी टेकत तळमजल्यावर गेलो. कोठारात छतापर्यंत चादरी होत्या आणि मध्ये बाई घड्या घालत बसल्या होत्या.

"बाई, मोठ्या डॉक्टरांनी हात धुतले."

त्यांनी मान वर केली नाही. "कुटपतुर?"

"मनगटापर्यंत."

चादर हातात तशीच राहिली. "मग?"

"मग मी सांगितलं, साहेब, कोपरापर्यंत."

"आन् त्यांनी?"

"पुन्हा धुतले. अक्काचा सगळा तांब्या संपला."

बाईंनी घडी पुरी केली, हातानं दाबून सारखी केली आणि ढिगावर ठेवली. त्या खोलीत चादरींशिवाय कुणी नव्हतं. तरीही पदर खोचून, सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पुढचा!"